कॉन्फरन्ससाठी मास्ट्रिख्टला गाडीने जाताय? या चुका टाळा

फ्रँकफुर्ट, कोलोन, डुसेलडॉर्फ भागात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टची कॉन्फरन्स लागली की पहिला विचार येतो तो गाडी काढण्याचा. फ्रँकफुर्टहून अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर, वाटेत आखेन, पुढे डच लिम्बुर्ग प्रांतातल्या टेकड्या, शिवाय घरची माणसंही बरोबर येऊ शकतात. बेत खरंच चांगला आहे. तो फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: वाट, काम आणि शहर तिन्हींसाठी गाडीच वापरायची असं ठरवून लोक निघतात. गाडी वाटेसाठी ठेवा. कॉन्फरन्स सुरू झाली की ती गॅरेजमध्ये उभी राहू द्या. मास्ट्रिख्टचं जुनं शहर पायी फिरण्याएवढंच आहे, आणि उरलेलं काम बस-रेल्वे करते.

तारखा न बघता हॉटेल शोधणं

कॉन्फरन्स जिथे होते ते मेक हे संकुल शहराच्या दक्षिणेला रँडविक भागात आहे. मार्च महिन्यात तिथेच टेफाफ हा कलावस्तूंचा मोठा मेळा भरतो. तेव्हा खोली मिळणं मुश्कील, मिळाली तर भाव चढलेले. जुलैत व्हायोलिनवादक आंद्रे रियूच्या फ्राइटहोफ चौकातल्या मैफली असतात, तेव्हाही तेच. कार्निव्हलच्या रविवार ते मंगळवार या तीन दिवसांत तर अर्धं शहर बंद आणि सगळं शहर रस्त्यावर असतं.

अशा वेळी शहरातच हवं म्हणून अडून बसू नका. जवळच्याच फाल्केनबुर्ग गावात राहा. तिथून येणारी अरिवा कंपनीची लोकल थेट मास्ट्रिख्ट रँडविक स्टेशनवर थांबते आणि मेक तिथून हाकेच्या अंतरावर. फाल्केनबुर्गचं स्टेशन १८५३ सालचं आहे, देशातली आजही वापरात असलेली सर्वांत जुनी स्टेशन इमारत. घरच्यांसाठीही गाव छान: टेकडीवरच्या किल्ल्याचे अवशेष, चुनखडीतल्या गुहा, सगळं पायी होण्यासारखं.

बजेट करताना जुने भाव धरू नका. १ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्समध्ये मुक्कामावरचा व्हॅट ९ टक्क्यांवरून २१ टक्के झाला आहे, आणि नगरपालिकेचा पर्यटन कर त्यावर वेगळा.

"शेंगेन आहे, कोण विचारतंय" म्हणून कागद घरी ठेवणं

विचारतात. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आणि नेदरलँड्सने त्याच वर्षी डिसेंबरपासून. दर वेळी गाडी अडवली जाईलच असं नाही, पण अडवली तर भारतीय पासपोर्ट आणि रहिवासी परवान्याचं कार्ड दोन्ही मूळ स्वरूपात लागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही. कंपनीतर्फे जाणार असाल तर एचआरकडून ए-वन प्रमाणपत्र आधीच मागवून घ्या. तुमचा सामाजिक विमा जर्मनीत चालू आहे याचा तो पुरावा, आणि नियमाने तो दोन दिवसांच्या कामालाही लागतो.

लायसन्सची चूक याहून गंभीर. जर्मनीत राहायला आल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. ते उलटल्यावर त्याच लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. भाड्याची गाडी असेल तर सीमा ओलांडायची परवानगी करारात आहे का तेही वाचा.

पुण्या-मुंबईहून थेट कॉन्फरन्सला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: विमान फ्रँकफुर्टला उतरतं म्हणून जर्मनीचा व्हिसा मागू नका. प्रवासाचं मुख्य कारण आणि मुक्काम नेदरलँड्समध्ये असेल, तर अर्ज नेदरलँड्सकडेच करायचा.

कॉन्फरन्सच्याच सकाळी निघणं

फ्रँकफुर्टहून नकाशा तीन तास दाखवतो. तो कोलोनभोवतीचा रिंग रोड मोकळा असेल तेव्हाचा हिशेब आहे. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतर तिथे तासभर सहज जातो. आदल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास निघालात, तर कोलोनला गर्दी ओसरलेली असते आणि दुपारी जेवायला आखेनला पोचता. आखेनचं कॅथेड्रल तासाभरात बघून होतं.

इथे बहुतेक जण दुसरी चूक करतात. नेव्हिगेशन आखेनहून सरळ महामार्गाने नेतं: जर्मन ए४, सीमेनंतर डच ए७६, मग हेर्लेनहून ए७९. पटकन पोचता, पण ज्यासाठी गाडी काढली ते काहीच दिसत नाही. त्याऐवजी आखेनमधून फाल्सच्या दिशेने बाहेर पडा आणि एन२७८ धरा. फाल्स, गुल्पेन, मारग्रातेन, काडिर एन केर आणि थेट मास्ट्रिख्ट. तीसेक किलोमीटर, न थांबता पाऊण तास. थांबत जायचं तर अर्धा दिवस ठेवा. फाल्सच्या वरची टेकडी ३२२ मीटर उंचीची, युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वांत उंच ठिकाण, आणि तिथेच नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी या तिघांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. पार्किंगला पैसे पडतात आणि रविवारी दुपारी जागा मिळत नाही, म्हणून शक्यतो आठवड्यातला दिवस बघा.

मारग्रातेनला दुसऱ्या महायुद्धातल्या आठ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिकांचं दफनस्थान आहे. आसपासच्या गावांतल्या कुटुंबांनी एकेक कबर दत्तक घेतली आहे आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. संध्याकाळी पाचला फाटक बंद होतं, तेव्हा साडेतीनपर्यंत पोचा. घाई करून बघायची ही जागा नाही.

एप्रिलमध्ये येणार असाल तर आम्स्टेल गोल्ड रेसची तारीख बघून ठेवा. त्या सायकल शर्यतीच्या दिवशी याच टेकड्यांतले रस्ते बंद असतात.

जर्मन ऑटोबानच्या सवयीने गाडी हाकणं

सीमा ओलांडली की पहिल्याच मिनिटाला वेग उतरवायचा. डच महामार्गावर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ पर्यंत मर्यादा साधारण १०० आहे. संध्याकाळनंतर पाटीप्रमाणे १२० किंवा १३०. गावाबाहेरच्या रस्त्यांवर ८०, वस्तीत ५०, आणि आता बऱ्याच गल्ल्यांत ३०. चार-पाच किलोमीटरने ओलांडलं तरी दंड येतो. काही पट्ट्यांवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात, त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक मारण्याचा उपयोग नाही.

लेनवर लाल फुली दिसली तर ती लेन बंद आहे. समोर रिकामी दिसली तरी घुसायचं नाही. उजवीकडची गर्दीच्या वेळची जादा लेन वर हिरवा बाण असेल तेव्हाच वापरायची. हातात फोन धरल्याचा दंड चारशे युरोंच्या वर आहे. रस्ता बघायला फोन लागणार असेल तर निघण्याआधीच स्टँडवर बसवा.

महामार्गाने येणाऱ्यांची ठरलेली फजिती होते ती ए२ वरच्या बोगद्यात. २०१६ च्या डिसेंबरात खुला झालेला हा बोगदा दुमजली आहे: वरच्या नळ्या शहरातल्या वाहतुकीसाठी, खालच्या पुढे जाणाऱ्यांसाठी. आत जीपीएस गडबडतं. म्हणून लेन बोगद्याआधीच्या पाट्या वाचून धरा आणि चुकलात तर आत काही करायला जाऊ नका. पुढच्या एक्झिटने उतरा आणि परत या. पाच-दहा मिनिटांचाच प्रश्न असतो.

कॉन्फरन्सच्या डिनरनंतर गाडी घ्यायचा मोह असेल तर मर्यादा लक्षात ठेवा: रक्तातलं मद्य ०.५ प्रति हजार, आणि लायसन्स मिळून पाच वर्षं झाली नसतील तर ०.२. आपल्यातल्या अनेकांचं युरोपातलं लायसन्स नवंच असतं.

सायकलवाल्याला पाहुणा समजणं

इथे रस्त्यावरचे पाहुणे आपण असतो. उजवीकडे वळताना, तुमच्या उजव्या बाजूच्या पट्ट्यावरून सरळ जाणाऱ्या सायकलला आधी जाऊ द्यायचं. वळण्यापूर्वी आरसा पुरत नाही, मान वळवून खांद्यामागे बघा. बॅटरीच्या सायकली वाटतं त्यापेक्षा वेगाने येतात. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील तर थांबायचं तुम्ही. पाटी नाही, त्रिकोण नाहीत, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो सायकलवर का असेना. लाल डांबराच्या सायकल गल्लीत गाडीला मनाई नसते, पण मागे राहून सावकाश जायचं, हॉर्न नाही. आणि उतरताना दार उजव्या हाताने उघडा. त्यासाठी अंग वळतं, आणि मागून येणारी सायकल आपोआप दिसते.

पार्किंग: सर्वांत जास्त पैसे इथे जातात

डच शहरांत काचेत पावती ठेवायची पद्धत जवळपास संपली आहे. पैसे गाडीच्या नंबरावर भरले जातात आणि छतावर कॅमेरे लावलेली गाडी रस्त्याने फिरत एकेक नंबर तपासते. माणूस नाही, त्यामुळे "दोनच मिनिटांत आलो" हे सांगायला कुणी नसतं.

भरताना चूक होते ती अशी. जर्मन नंबरपाटीवर शहराची अक्षरं आणि पुढची अक्षरं यांच्यात जागा असते. मशीनवर ती जागा किंवा आडवी रेघ न घालता सगळं सलग टाइप करायचं. शून्य आणि ओ यांची गल्लत होते. अ‍ॅप वापरत असाल तर दोन गोष्टी बघा: झोनचा क्रमांक समोरच्या पाटीवरचाच आहे ना, आणि अ‍ॅपमध्ये निवडलेली गाडी आजचीच आहे ना. भाड्याची गाडी घेतलेले लोक घरच्या गाडीच्या नंबरावर पैसे भरतात आणि दंड भाड्याच्या गाडीला लागतो. निघताना अ‍ॅपमधलं पार्किंग बंद करायला विसरू नका.

रस्त्याच्या कडेला निळी रेघ असेल तिथे पैसे नाहीत, पण पोचल्याची वेळ लावून काचेमागे ठेवायची तबकडी लागते. जर्मनीतली निळी तबकडी चालते.

गॅरेजमध्ये ठेवायचं ठरवलंत तर उंची मोजा. छतावर सामानाचा बॉक्स लावला असेल तर गाडी दोन मीटरच्या पुढे जाते, आणि जमिनीखालच्या अनेक गॅरेजांची मर्यादा त्याच्या आसपासच असते. फ्राइटहोफखालचं गॅरेज सोयीचं, पण दिवसाचा दर जबर. दोन-तीन दिवस गाडी हलवायची नसेल तर शहराच्या उत्तरेला मास्ट्रिख्ट नोर्ड स्टेशनला लागून असलेलं पार्क अँड राइड बघा, तिथून रेल्वेने शहरात या. लॅपटॉप आणि बॅग मागच्या सीटवर सोडू नका.

दंड आलाच तर तो पार्किंग कराची वाढीव आकारणी म्हणून येतो आणि सहा आठवड्यांत लेखी हरकत घेता येते. नंबरातलं एखादं अक्षर चुकलं असेल तर भरल्याची पावती जोडा. गप्प बसलात तर रक्कम वाढते. कंपनीची गाडी असेल तर पत्र आधी कंपनीत जातं, तेव्हा तुम्हीच आधी कळवून ठेवलेलं बरं.

रेल्वेत कार्ड टेकवणं अर्धवट सोडणं

२०२३ पासून डच बस-रेल्वेत साधं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा फोन टेकवून प्रवास करता येतो. चढताना टेकवलं तेच उतरताना टेकवायचं. सकाळी फोन आणि संध्याकाळी कार्ड असं केलं तर यंत्राला ती दोन माणसं वाटतात आणि दोन्हींवर अपुरा प्रवास म्हणून जास्त पैसे कापले जातात. खातं एकच असलं तरीही. मास्ट्रिख्टला इंटरसिटी एनएस या डच राष्ट्रीय रेल्वेची आणि लोकल अरिवाची. एकीतून दुसरीत जाताना कार्ड टेकवायच्या पहिल्या कंपनीच्या खांबावर बाहेर आणि दुसरीच्या खांबावर आत, असं दोनदा टेकवावं लागतं. घरच्यांना प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं.

कामाचं आणि घरचं बिल एकत्र करणं

हॉटेलला आरक्षणाच्या वेळीच सांगा की कॉन्फरन्सच्या रात्रींचं बिल वेगळं, कंपनीच्या नावाने आणि पत्त्यासह; जादा रात्रींचं वेगळं, तुमच्या नावाने. नंतर बदलून मागितलं तर वेळ जातो, कधी मिळतही नाही. दुसऱ्या माणसाचा नाश्ता आणि पर्यटन कर कुठल्या बिलात गेला तेही काउंटरवर उभं असतानाच बघा. पेट्रोलच्या पावतीवर टेकड्यांतली भटकंती येणार असेल, तर निघताना, मेकला पोचल्यावर आणि घरी आल्यावर मीटरचा फोटो काढून ठेवा.

पेट्रोल शक्यतो सीमेआधी जर्मनीत भरा. नेदरलँड्समध्ये, त्यातही महामार्गावरच्या पंपांवर, ते महाग पडतं.

दुपार मोकळी मिळाली तर

सिंट पीटर्सबर्गच्या गुहा म्हणजे चुनखडीच्या जुन्या खाणी. आत वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे तुमच्या भाषेतल्या फेरीची वेळ आधी बघून तिकीट काढा. आत बारा महिने तापमान ११ अंशांच्या आसपास, ऑगस्टमध्येही जाकीट लागतं. याच टेकडीत अठराव्या शतकात मोसासॉरस या प्रचंड सागरी सरड्याचे जीवाश्म सापडले. मुलं बरोबर असतील तर शहरातलं निसर्गइतिहासाचं संग्रहालय त्याला जोडून करा. तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये थाटलेलं पुस्तकांचं दुकान कॉन्फरन्सच्या जेवणाच्या सुट्टीत उरकायला जाऊ नका. रँडविकहून जाऊन-येऊन तास पुरत नाही.

परतताना शुक्रवारी दुपारी तीननंतर निघणं टाळा. समारोपाचं सत्र संपवून थेट गाडीत बसणारे नेमके कोलोनच्या कोंडीत सापडतात. शनिवारी सकाळी निघा. हिवाळा असेल तर डच नियमांत हिवाळी टायरची सक्ती नाही यावर विसंबू नका. बर्फ किंवा निसरडं असताना जर्मनीत ते लागतातच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. मुलांच्या सीटचंही तसंच: नेदरलँड्समध्ये १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत सक्ती, जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना १५० पर्यंत. जर्मन नियम पाळला की दोन्हीकडे भागतं.