संडेस्कूलच्या ताईंशी बोलायला बसण्याआधी

चर्चमध्ये रविवारी मुलांचा धर्मवर्ग, म्हणजे संडेस्कूल, घेणाऱ्या ताईंना त्यांच्या कामातली एखादी उणीव सांगायची आहे? नाताळ आणि वॉच नाइट (३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना) उरकली आहे, लेंट (ईस्टरआधीचा उपासकाळ) सुरू व्हायला अवकाश आहे, असा जानेवारीतला आठवडा या बोलण्यासाठी धरा. एकदा लेंट लागलं की गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर कोणी बोलायचं याची वाटणी आणि ईस्टरची पहाट यांतच सगळे बुडालेले असतात. वार रविवार नको. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात 'ताई, जरा बोलायचं होतं' म्हटलं की आजूबाजूचे कान टवकारतात आणि संध्याकाळपर्यंत विषय घरोघरी पोचतो.

मग कागद घ्या आणि काय बोलायचं ते लिहून काढा. 'लोक म्हणतात'ने सुरू होणारं वाक्य आलं तर खोडा. ताईंना विचारून एकदोन रविवार वर्गात मागे बसा आणि स्वतः पाहिलेलं तेवढंच ठेवा. 'वर्गाला शिस्त नाही' हा नुसता शेरा झाला. 'वर्ग साडेनऊचा, ताई पावणेदहाला येतात, तोवर मोठी मुलं लहानांना ढकलतात' यावर बोलता येतं. असे चारपाच मुद्दे निघतील. त्यातला एकच न्या.

आता तोच कागद पास्टरेट कमिटीकडे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीकडे वळवा. माझ्या मते अर्धी तयारी इथेच आहे आणि नेमकी हीच कोणी करत नाही. खोलीची किल्ली कोणाकडे असते? ती उघडणारा माणूसच पावणेदहाला येत असेल तर ताईंनी कुठे उभं राहायचं? पाठांची पुस्तकं, खडू, चित्रं यांचा खर्च कोण करतं? बहुतेक ठिकाणी ताईच, आणि हिशोब मागायचा त्यांना संकोच. हे काम किती वर्षांचं, आजारी पडल्यास बदली कोण, हे कोणी सांगितलं होतं का? आपल्याकडे नाव पुलपिटावरून (उपदेशाच्या व्यासपीठावरून) जाहीर होतं आणि ज्याचं नाव आहे त्यालाही ते तिथेच कळतं. बाई शनिवारी नर्सिंगची रात्रपाळी करून येत असतील तर तेही लिहा. या यादीनंतर मूळचा मुद्दा उरला, तरच भेट ठरवा.

बोलायचं कोणी? पाळकसाहेबच (चर्चचे धर्मगुरूच) हवेत असं नाही. ताईंचं काम जवळून पाहिलेलं, त्यांना मान देणारं माणूस हवं. चर्चच्या मंडळीत निम्मे एकमेकांचे सोयरे, तेव्हा नणंद-भावजयीचं जुनं काही मध्ये नाही ना, हे बघून घ्या. वयाने लहान असलात तरी चालेल, फक्त 'अहो ताई' सुटू देऊ नका.

अशा वेळी बायबलमधलं मत्तय १८:१५ हमखास पुढे केलं जातं. पण तिथे विषय भावाने केलेल्या अपराधाचा आहे, आणि उशिरा येणं म्हणजे अपराध नव्हे. मला प्रेषितांची कृत्ये १८ जवळचं वाटतं. त्यातला उपदेशक अपुल्लो उत्तम वक्ता, शास्त्रात निपुण, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे शिकवण अपुरी होती. इफिसच्या सभास्थानात त्याला ऐकल्यावर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भर सभेत अडवलं नाही. बाजूला घेऊन नीट समजावलं. दोघं तंबू शिवून पोट भरणारी, म्हणजे आपल्यासारखीच कामधंदा सांभाळून सेवा करणारी. म्हणून उपासनेतल्या संदेशातून (उपदेशातून) टोमणा नको, आणि भेटीच्या सुरुवातीच्या प्रार्थनेत 'प्रभू, आमच्या बहिणीला वेळेचं भान दे' हे तर मुळीच नको. डोळे मिटलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही.

एक गोष्ट या तयारीत बसत नाही. मुलांच्या लैंगिक छळाची माहिती किंवा शंका असेल तर चहा घेत बोलणं नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि 'मंडळीचं नाव' हे कारण तिथे चालत नाही. दानाच्या पैशाचा घोळ असेल तर तो खजिनदार आणि कमिटीपुढे, कागदावर.

शेवटी, कमिटी काय करणार ते तारखेसह ठरवून न्या: किल्लीची दुसरी प्रत, एक मदतनीस, पुस्तकांचे पैसे. अपुल्लो अखया प्रांतात निघाला तेव्हा बंधुजनांनी तिथल्या शिष्यांना पत्र लिहून त्याचं स्वागत करायला सांगितलं होतं. ताईंच्या कामाबद्दलही पाळकांच्या सहीचं चार ओळींचं पत्र तयार ठेवा. ते त्या दिवशी मात्र देऊ नका, सूचना गळी उतरवण्यासाठी कौतुक केलं असं वाटेल. वार्षिक सभेत वाचा.