दोन फेरीबोटी आणि पंधरा वर्षांचं अंतर : परदेशातलं हलकंफुलकं प्रेमनाट्य कसं लिहावं

गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या महिला मंडळासाठी मी अकरा वर्षं एकांकिका लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी तालमीनंतर चहा पिताना आमच्यातली एक म्हणाली, "पन्नाशी उलटल्यापासून मी सासू झाले, आजी झाले, दोनदा भूत झाले. एकदा तरी प्रेम करायला दे गो." बोलताना ती हसत होती, पण कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री मी पहिलं पान लिहिलं. अठ्ठावन्न वर्षांची सुमन मुलीच्या बाळंतपणाला लिस्बनला जाते आणि तिथे तिला त्रेचाळीस वर्षांचा रुई भेटतो. प्रयोगानंतर दुसऱ्या गावांतल्या मंडळांनी संहिता मागितली. दोघींनी तर स्वतःच लिहायला घेतलं आहे. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, ते इथे सगळं एकत्र सांगते.

पात्रांची नावं ठरवण्याआधी जन्मसालं ठरवा. एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. एका बाजूला तिचं आयुष्य, दुसऱ्या बाजूला त्याचं. सुमन पणजीच्या समोरच्या काठावरच्या बेतीची, जन्म फेब्रुवारी 1967. म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, या 16 जानेवारीच्या सार्वमताला तिच्या आईने पोटात तिला घेऊन मत दिलं. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा ती एकोणीस वर्षांची, कॉलेजला पणजीला जाणारी. नवा पूल होईपर्यंत तिची सगळी तरुण वर्षं फेरीबोटीच्या रांगेत गेली. त्या वेळी रुई चार वर्षांचा होता. आता त्याची बाजू. 1998 मध्ये लिस्बनला जागतिक प्रदर्शन भरलं, त्याच वर्षी तेजू नदीवर वास्को द गामाच्या नावाचा पूल खुला झाला. तो सोळा वर्षांचा. सुमनच्या कडेवर तेव्हा मूल होतं.

हा कागद भरल्यावर पंधरा वर्षांचं अंतर संवादात सांगायची गरजच उरत नाही. तो कौतुकाने आपल्या पुलाची गोष्ट सांगतो आणि ती म्हणते, "आमचा पूल पडला तेव्हा मी पाण्याकडे बघत उभी होते." प्रेक्षागृहात बसलेल्या आमच्या पिढीला तेवढ्यात सगळं कळतं. नदीच्या त्या काठावरून या काठावर यायला किती वेळ लागायचा हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना वय वेगळं मोजून दाखवावं लागत नाही. उलट "मी तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे" असं वाक्य पात्राच्या तोंडी आलं की नाटक तिथेच बसतं. मी ते पहिल्या खर्ड्यात चार वेळा लिहिलं होतं. चारही वेळा खोडलं.

जागा एकच घ्या. परदेश म्हटलं की आपल्याला टेकड्या, जुनी ट्राम, चर्च, बाजार सगळं रंगमंचावर आणावंसं वाटतं, आणि मंडळाच्या पैशांत त्यातलं काहीच नीट उभं राहत नाही. मी भाचीकडे पाच आठवडे राहिले होते. ती नदीच्या पलीकडे अल्मादाला राहते, तिथल्या कासिल्यासच्या धक्क्यावरून काइश दु सोद्रेला फेरीबोट सुटते. प्रवास साधारण दहा मिनिटांचा. मी रोज जायचे, काही काम नसलं तरी जायचे, कारण त्या पाण्याच्या वासाने मला बेती आठवायची. नाटक तिथेच घडवलं. एका फेरीत एक प्रवेश. नेपथ्य म्हणून दोन बाकं, बांबूला रंग देऊन केलेला कठडा आणि विंगेतून भोंगा. दहा मिनिटांत उतरायचं असतं, त्यामुळे संवाद आपोआप आटोपशीर होतात, आणि जे बोलायचं राहून जातं ते पुढच्या फेरीपर्यंत प्रेक्षकाच्या मनात राहतं.

वेळेचंही एक मोठं घड्याळ लागतं. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन विसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, म्हणून सुमनला परत यावंच लागतं आणि लगेच पुन्हा जाता येत नाही. खलनायक शोधत बसू नका. तारीख पुरेशी असते. 'रोमन हॉलिडे' 1953 चा. त्यातल्या नायक-नायिकेच्या वयांत तेरा वर्षांचा फरक होता, पण चित्रपट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. राजकन्येला परत जायचं आहे, बस, तेवढ्यावर सगळी गोडी आणि हुरहूर उभी आहे.

इथे गोव्यातल्या लेखकांना एक खड्डा दिसला पाहिजे. 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, हे आपल्याकडे वाड्यावाड्यावर माहीत आहे. मग तिसऱ्या रांगेतला माणूस विचारणारच, ही बाई विसा कशाला काढते? आम्हाला पहिल्या वाचनालाच हा प्रश्न आला. म्हणून मी एक संवाद घातला. रुई नेमकं हेच सुचवतो, आणि सुमन सांगते की तो पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो, दोन्ही ठेवता येत नाहीत, आणि आईने जे मत दिलं ते मी परत करणार नाही. साडेचारशे वर्षांच्या इतिहासाबद्दल माझ्या नाटकात एवढंच आहे. हा विषय टाळला तर नाटक खोटं वाटेल, आणि त्याच्यावरच सगळं उभारलं तर ते हलकं राहणार नाही.

तू आणि तुम्ही

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. आपल्या भाषेकडे वयातलं अंतर दाखवण्याचं असं साधन आहे जे इंग्रजी संवाद लिहिणाऱ्याकडे नाही. तिथे एकच 'यू'. सुमन आणि रुई खरं तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत असणार, पण रंगमंचावर ते मराठीत बोलतात, म्हणून मला हे साधन वापरता आलं.

सुरुवातीला दोघंही एकमेकांना तुम्ही म्हणतात. दुसऱ्या फेरीत त्याचं वय कळतं आणि सुमन म्हणते, "अरे, तू तर माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान!" त्या क्षणापासून ती त्याला तू म्हणू लागते. वरवर ही जवळीक वाटते, पण तसं नाही. तू म्हटलं की तो भाच्यासारखा झाला, त्याला डब्यातला लाडू देता येतो, स्वेटर घाल म्हणून रागावता येतं, कोणी बघितलं तरी काही वाटत नाही. ती त्या 'तू'च्या आड लपते.

मग पाचव्या फेरीत, तिच्याही नकळत, तिच्या तोंडून येतं, "उद्या तुम्ही याल ना?" बाकी काही नाही. हातात हात नाही, पार्श्वसंगीत नाही. आमच्या पहिल्या प्रयोगाला या वाक्यावर बायकांच्या बाजूने एक बारीकसा हुंकार आला, आणि मी विंगेत उभी होते ते खालीच बसले. आपल्या घरांत जोडीदाराला तुम्ही म्हणत आलेल्या बायका होत्या त्या. त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. त्याचा 'तू' मात्र मी राखून ठेवला, लिस्बनमधल्या शेवटच्या फेरीपर्यंत, आणि तोही एकदाच. पोर्तुगीजमध्येही जवळच्या माणसाला 'तू' आहे आणि मानाने बोलायचं तर 'सिन्योरा', म्हणजे त्याच्या बाजूनेही ही पायरी खरीच आहे.

तेव्हा तुमची संहिता लिहून झाली की फक्त संबोधनं खाली रेघ मारत वाचा. कोण कोणाला काय म्हणतं, कुठे बदलतं, का बदलतं. पुरुष मोठा आणि बाई लहान असेल तर हा हिशेब उलटा होतो. तेव्हा तिच्या तुम्हीचा तू कधी होतो तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण तशी जोडी लिहिणार असाल तर माझी एक अट आहे. परतीचं तिकीट आणि पैसे लहान असलेल्याच्या स्वतःच्या पर्समध्ये दाखवा, आणि प्रवेश संपण्याआधी ती उठून जाऊ शकते हे प्रेक्षकाला दिसू द्या. नाहीतर ज्याला तुम्ही गोड समजता तो दबाव असतो, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींना तो लगेच ओळखू येतो.

परदेशी माणसाच्या तोंडी चुकीचं मराठी घालून हशा मिळवू नका. आमच्या रुईने स्वच्छ मराठी बोललं आणि चेहऱ्याला पांढरा रंगही लावला नाही. एका प्रवेशाला परक्या भाषेचे तीनच शब्द, असा मी नियम केला होता. हसू कुठून आणायचं म्हणाल तर वस्तूंमधून. बाजारात जाताना सुमन यादी वाचते आणि तो थबकतो, कारण बटाटा, अननस, पाव, चावी, पगार हे सगळे शब्द त्याच्याच भाषेतून आपल्याकडे आलेले. तो विचारतो, "एवढं कळतं तर पोर्तुगीज येत नाही असं का म्हणता?" तो वास्कोच्या पुलाबद्दल भारावून बोलतो आणि ती गोव्यातलं वास्को शहर समजून मध्येच म्हणते, "वास्कोला माझी आते असते." म्हाताऱ्या गुडघ्यांवर, केसांच्या रंगावर एकही विनोद नाही. हलकं नाटक म्हणजे पात्राला हलकं करणं नव्हे.

रुईचा व्यवसाय मी निळ्या-पांढऱ्या फरशा दुरुस्त करण्याचा ठेवला. अझुलेजू म्हणतात त्यांना. लिस्बनला त्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, 1509 मध्ये स्थापन झालेल्या एका जुन्या मठात. आपल्याकडे पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात तशाच फरशांवर पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. त्यामुळे नाटकाच्या शेवटी त्याला इकडे यायला कारण मिळालं. पात्राचा धंदा निवडताना एवढं बघा की तो त्याला दोन्ही काठांवर नेऊ शकतो का.

मुलीचं पात्र मला जमायला वेळ लागला. पहिल्यांदा ती रागावून दार आपटायची. मग मी विचार केला की बाळंतिणीला, रात्री झोप नसलेल्या मुलीला, खरं काय वाटेल? तिला भीती वाटेल की आई आता माझी राहिली नाही. तिचा एकच संवाद ठेवला : "तू रोज बोटीने जातेस ते मला बरं वाटायचं. आता कळलं की तू घरी परत येत नव्हतीस, घरून निघत होतीस." म्हापशाच्या बहिणीचा फोनही असाच उपयोगी पडला. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. बहीण रात्री दहाला अंथरुणात पडून विचारते, "झोपलीस का?" आणि इकडे साडेपाचचं लख्ख ऊन आहे, बोट निघते आहे, शेजारी रुई बसला आहे. प्रकाशयोजनेला दोनच दिवे पुरले.

एकटीचं नाटक लिहायचा विचार असेल तर 'शर्ली व्हॅलेंटाइन' जरूर बघा. लिव्हरपूलची मध्यमवयीन गृहिणी ग्रीसला जाते, आणि मूळ नाटकात ती एकच नटी सगळं सांगते. आमच्यासारख्या मंडळाला, जिथे तालमीला चौघीच येतात, ही रचना सोयीची आहे.

शेवट घरच्या फेरीवर

परदेशात अशा गोष्टी सुचतात याचं कारण तिथलं हवामान नाही. तिथे आपल्याला कोणी काकू, वहिनी, टीचर म्हणत नाही. बोटीवर सुमन ही फक्त सुमन असते. म्हणूनच नाटक विमानतळावर संपवू नका. तो सोपा शेवट आहे, मीही आधी तोच केला होता. शेवटचा प्रवेश जिथे सगळे तिला ओळखतात तिथे व्हायला हवा.

माझ्या संहितेत रुई डिसेंबरात गोव्याला येतो. बेती-पणजी फेरी. तीच दोन बाकं उचलून बाजूला ठेवली, कारण आपल्या फेरीत लोक स्कूटरींच्या मधे उभेच असतात. आता परका तो आहे, आणि अवघडलेली ती. बाजाराला निघालेली शेजारीण टोपली सावरत विचारते, "कोण गो हे?" मी लिहिलं होतं, "मुलीच्या ओळखीचे." सुमनची भूमिका तीच करत होती जिने प्रेम करायला दे म्हणून सांगितलं होतं. चार तालमी ती हे वाक्य म्हणाली, पाचव्या तालमीला थांबली. म्हणाली, हे मी नाही म्हणणार. मग काय म्हणशील, मी विचारलं. तिने शेजारणीकडे न बघता, पाण्याकडे बघत म्हटलं, "माझ्याकडे आलेत."

मी ते तसंच लिहून घेतलं. यानंतर संवाद ठेवू नका. फेरीची लोखंडी फळी धक्क्यावर आपटल्याचा आवाज द्या, शेजारीण पुढे निघून जाऊ दे, आणि दोघं उभी असताना दिवे लगेच मालवू नका.