१९२४ च्या बॅलेसारखा फ्लॅपर ड्रेस घरी कसा शिवायचा (आणि त्यात नाचता कसं येईल)

डान्सच्या कार्यक्रमासाठी फ्लॅपर, म्हणजे १९२० च्या दशकातल्या फॅशनेबल तरुण मुलींचा, लुक हवा म्हटलं की बहुतेक जण मांडीपर्यंतचा, फ्रिंज लावलेला, अंगाला चिकटणारा चमचमता ड्रेस ऑनलाइन मागवून मोकळे होतात. पण खऱ्या १९२० च्या दशकाचं त्यात फारसं काही नसतं. १९२४ ला पॅरिसमध्ये ड्रेस अजून पोटरीपर्यंत होते, गुडघ्याजवळ यायला १९२६-२७ उजाडलं, आणि ड्रेस खांद्यावरून सरळ खाली सुटायचा, कमरेची लाइन पार सीटवर, म्हणजे नितंबांवर. बॅलेला हा कट फार छान चालतो कारण कंबर आवळलेली नसते, श्वास मोकळा राहतो, फक्त पायाला जागा कुठून द्यायची ते नीट ठरवावं लागतं. सगळं कौशल्य तिथंच आहे, चमकीत नाही.

कापड घ्यायच्या आधी दोन बॅलेंचे फोटो नक्की बघा, ‘ले बिश’ आणि ‘ल ट्रेन ब्ल्यू’. दोन्ही १९२४ ची, दोन्ही दियागिलेवच्या ‘बॅले रूस’ या बॅले कंपनीची आणि दोन्हीचं नृत्यदिग्दर्शन ब्रोनिस्लावा निजिन्स्काचं. ‘ले बिश’चे कपडे मारी लॉरांसँ या चित्रकार बाईंचे, त्यात निळ्या मखमलीचा आखूड ट्युनिक आणि पांढरे हातमोजे घातलेली मुलगी आहे, आणि पार्टी देणारी यजमानीणबाई लांब मोत्यांच्या माळा घालून वावरते. ‘ल ट्रेन ब्ल्यू’चे कपडे फॅशन डिझायनर कोको शॅनेलचे, तिनं तर सरळ समुद्रावर घालायचे विणलेले लोकरीचे स्विमसूट आणि टेनिसचे कपडे स्टेजवर आणले. त्यात नाचलेल्या लिडिया सोकोलोव्हाचा गुलाबी पोशाख आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

पहिल्यांदाच शिवणार असाल तर मी ‘ले बिश’सारखा पार्टी ड्रेसच घ्या म्हणेन, शॅनेलचा विणलेला प्रकार नंतर.

कापड म्हणजे क्रेप किंवा जरा जड जॉर्जेट, ४४ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर. साटन नको, लाइटखाली प्रत्येक सुरकुती दिसते. खालचं माप ३६ सीटसाठी आहे, तुमच्या मापात ५ इंच लूज धरायचं म्हणजे ४१, आणि शिलाईची माया वेगळी. कापड आधी खांद्यावर आडवं दुमडा, मग मधोमध उभं, म्हणजे चार पदर होतात. मधल्या घडीपासून ११ इंचावर बाजूची रेघ मारत सीटपर्यंत या, आणि तिथं कापड बाहेर काढून खाली पूर्ण १८ इंच ठेवा, म्हणजे खालचा घेर चारही पदर मिळून ७२ इंच होतो (माया जाऊन थोडा कमी). आता सीटच्या रेघेवर बाजूकडून आत ४ इंच आडवी कात्री मारा, त्यामुळे वरचे ४ इंच आणि खालचे ११ इंच सुटे होतात, त्या ११ च्या चुण्या घालून ४ मध्ये बसवायच्या, मग बाजूची टीप. समोर आणि मागे ड्रेस सपाट राहतो, घेर सगळा दोन्ही बाजूंना. पाय उचलला की चुण्या उघडतात आणि ड्रेस वर चढत नाही. अमेरिकेत तेव्हा ‘एका तासाचा ड्रेस’ म्हणून शिकवायचे तो याच पद्धतीचा.

जिथं कात्रीची चीर संपते तो कोपरा उडी मारताना पहिला फाटतो. म्हणून कापायच्या आधीच आतून दोन इंचाचा अस्तराचा तुकडा लावून त्या टोकाभोवती बारीक टीप मारून घ्या, हे अजिबात टाळू नका.

दुसरी अडचण मुंढ्याची. ड्रेस पूर्ण खांद्यावर लटकलेला असल्यामुळे दोन्ही हात वर गेले की अख्खा ड्रेस वर जातो, मुंढा जितका खोल तितका जास्त. त्यामुळे मुंढा बगलेच्या जवळ ठेवा, बाही हवी असेल तर बगलेत ४ इंचाचा चौकोनी तुकडा उरेब कापून घाला. गळा आडवा आणि डोकं जाईल एवढा, चेन लागतच नाही. आत त्याच रंगाची चड्डी आणि स्किन कलरचा लिओटार्ड (नाचताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख).

मणीकाम करायचं असेल तर आरीवर्कवाल्यांकडे द्या, पॅरिसमधलं त्या काळचं बरंचसं मणीकाम अशाच आकड्याच्या सुईनं व्हायचं. फक्त काचेचे मणी वजनदार असतात, खालच्या काठाला दाट लावले तर गिरकी थांबली तरी ड्रेस फिरत राहतो आणि पायाला गुंडाळतो, म्हणून गळा आणि सीटची रेघ एवढ्यावरच थांबा.

मोत्यांची माळ स्टेजवर तुटली तर फार वाईट, पॉइंट शूजखाली एक मोती आला तरी घोटा गेलाच. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून ओवा आणि माळ मानेमागे ड्रेसला दोन टाक्यांनी अडकवा. कानातले हलके घ्या. सोकोलोव्हाला शॅनेलनं मोठ्ठे मोत्याचे टॉप्स दिले होते, ते इतके जड की संगीत नीट ऐकू येईना असं तिनंच लिहून ठेवलंय.

केस कापायची गरज नाही, लांब केस मानेवर खाली आत वळवून पिना मारल्या की लांबून बॉबच दिसतो, वर पट्टी बांधा.

विणलेला प्रकार करायचा झाला तर लोकरीऐवजी जाड कॉटन-लायक्रा रिब घ्या, लोकर घामानं लोंबते. आणि जोडीदार उचलणार असेल तर कमरेपाशी त्याचा हात घसरत नाही ना ते आधी बघून घ्या.

खालचा काठ लगेच दुमडू नका. ड्रेस एक दिवस हँगरवर टांगून ठेवा, जॉर्जेट खाली येतं, मग नाचणारीला घालून, शूज घालून, पाय उचलायला लावून उंचीची खूण करा. तिला जमिनीवर बसवूनही बघा आणि तालमीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतून एकदा बघा, १९२४ च्या मानानं आखूड असलं तरी गुडघ्याच्या दोन बोटं खाली आलं तर स्टेजवर बरोबर दिसतं.