पंख्यावरचं नाव : सेवेतला स्वार्थ ओळखताना या चुका टाळा

आमच्या चर्चमध्ये छताला नऊ पंखे आहेत. त्यातल्या आठांच्या पात्यांवर नावं रंगवलेली आहेत : ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, आणि त्याखाली देणाऱ्याचं नाव. पंखा फिरत असला की यातलं काही दिसत नाही. पण मे महिन्यात ऐन उपदेशात लाईट गेली की पाती हळूहळू थांबतात आणि अर्धी मंडळी माना वर करून वाचत बसते. तिसऱ्या पंख्यावर माझ्या वडिलांचं नाव आहे, खाली माझं. माझं जरा ठळक आलंय. पेंटरने परस्पर केलं, असं मी विचारणाऱ्याला सांगतो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खरी भक्ती कुठली आणि भक्तीचा झगा घातलेला स्वार्थ कुठला, हे ओळखायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा शेजारच्या बाकापासून सुरुवात करतो. मी अकरा वर्षं उपासनेत पेटी वाजवली, मधली काही वर्षं चर्च कमिटीवर होतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत. काही अजून चालू आहेत.

‘मन शुद्ध झालं की सेवेला लागेन’

ही प्रामाणिक माणसांची चूक, त्यातही तरुणांची जास्त. संडे स्कूलला शिकवायला ये म्हटलं की एखादी मुलगी म्हणते, “काका, पण मला पुढे उभं राहायला आवडतं. मग ते देवासाठी कसं होईल?” आवडू दे की. शंभर टक्के शुद्ध हेतू मला अजून कोणाचा सापडलेला नाही, माझा तर नाहीच. प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो, तेव्हा त्याला पक्कं ठाऊक आहे की बाहेर काही जण हेव्याने, चढाओढीने, आपल्याला आणखी त्रास व्हावा म्हणून प्रचार करताहेत. तरी त्याचं म्हणणं असं, की निमित्त काही का असेना, ख्रिस्ताची घोषणा होतेय ना, मग मला आनंदच आहे.

गव्हातल्या निदणाचा दाखला (गहू आणि तण कापणीपर्यंत एकत्र वाढू द्या, असं सांगणारा) येशूने जगाबद्दल सांगितलाय, एकेका मनाबद्दल नाही, हे कबूल. पण शेती बघितलेल्या माणसाला तो मनालाही लागू पडताना दिसतो. गवत उगवतं म्हणून कोणी पेरणी सोडत नाही. पेरायचं आणि खुरपं हाताशी ठेवायचं.

‘मी हे मंडळीच्या भल्यासाठीच बोलतोय’

स्वार्थ स्वतःच्या नावाने क्वचितच बोलतो. तो नेहमी दुसऱ्या कोणाचं तरी वकीलपत्र घेऊन येतो.

बेथानी गावात मरीयेने (येशूची आई नव्हे, ही दुसरी) येशूच्या पायांना जटामांसीचं महागडं तेल लावलं, तेव्हा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत काय म्हणाला? हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का नाही दिलं? दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा तेल जवळजवळ वर्षभराच्या कमाईचं होतं. हिशोब बिनचूक, मुद्दा वजनदार. आज कुठल्याही मिटिंगमध्ये लोक मान डोलावतील. ही गोष्ट लिहिणारा योहान मात्र लगेच सांगतो की या गृहस्थाला गरिबांची पर्वा नव्हती. पैशांची डबी त्याच्याकडे असायची आणि तो तिच्यात हात घालायचा.

गेहजीची गोष्ट तर त्याहून मासलेवाईक. अलीशा संदेष्ट्याने नामान सरदाराचा कुष्ठरोग बरा होऊनही त्याच्याकडून काही घेतलं नाही. हे नोकराला, गेहजीला, सोसवेना. तो रथामागे धावत गेला, पण स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. ‘एफ्राइमच्या डोंगराळ मुलुखातून आत्ताच दोन तरुण संदेष्टे आलेत, त्यांच्यासाठी चांदी आणि दोन पोशाख द्या,’ म्हणाला. ते दोन तरुण कधी आलेच नव्हते.

म्हणून आपल्या बोलण्यात ‘गरीब’, ‘तरुण पिढी’, ‘मंडळीची साक्ष’ असे शब्द यायला लागले की ती माणसं नावानिशी आठवून बघावीत. कोणते तरुण? त्यांना विचारलंय का? मी एकदा कमिटीत ‘आपल्या तरुणांना जुनी भजनं हवी आहेत’ म्हणून पाऊण तास भांडलो. एकाही पोराला विचारलं नव्हतं. जुनी भजनं मला पेटीवर येत होती, नवी येत नव्हती, एवढंच काय ते होतं.

‘आज आराधनेत अंगावर काटा आला’

काटा आणि अश्रू खोटे असतात असं माझं म्हणणं नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, पापं कबूल करत प्रार्थना करत होत्या. ते ढोंग होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. चूक होते ती मोजायच्या वेळेत.

इग्नाशियस लोयोला हा स्पेनचा लढवय्या. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने शूर सरदारांच्या कथा वाचायला मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत, मिळाली ती ख्रिस्ताची आणि संतांची चरित्रं. मग तो पडल्या जागी दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. कधी एका थोर घराण्यातल्या बाईसाठी पराक्रम गाजवण्याची, कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्हींत गोडी तेवढीच. फरक पडायचा तो नंतर. पहिली स्वप्नं ओसरली की मन कोरडं पडायचं, दुसरी ओसरली तरी समाधान मागे उरायचं. या साध्या निरीक्षणावर त्याने पुढे आत्मिक पारखेची अख्खी रीत बसवली. त्याच्याच जेझुइट संघातला फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, त्यामुळे वसई-गोव्याकडच्या कॅथलिक वाचकांना हे नवं नाही. आम्ही प्रोटेस्टंट हे नाव जरा बिचकत घेतो. पण निरीक्षण ते निरीक्षण.

तेव्हा काटा रविवारी दुपारी बाराला मोजू नका. सोमवारी सकाळी टाकीत पाणी नाही, दूध नासलंय आणि बायको काहीतरी विचारतेय, तेव्हा काय उरलंय ते बघा. रात्री दहा मिनिटं दिवस मागे फिरवून बघायचा : आज मन कुठे मोकळं झालं, कुठे आक्रसलं, आणि त्याआधी काय घडलं होतं. वहीत लिहू नका, हा माझा खाजगी सल्ला. वही भरायला लागली की ती कोणीतरी वाचावी असं वाटायला लागतं.

काम हातात असताना हेतू शोधत बसणं

मला सगळ्यात महाग पडली ती ही चूक. पेटी वाजवायच्या त्या अकरा वर्षांत मी बरेचदा स्वतःला विचारलं, की हे देवासाठी आहे ना? उत्तर दर वेळी ‘हो’ असंच यायचं. येणारच. सूर लागलेत, लोक गाताहेत, उपासना संपल्यावर म्हाताऱ्या बाया हात हातात घेऊन ‘बाबा, आज लई छान’ म्हणताहेत. अशा वेळी ‘नाही’ कोण म्हणेल?

मग एका वर्षी नाताळाच्या तोंडावर पाळकसाहेबांनी बोलावलं. एक कॉलेजचा मुलगा कीबोर्ड घेऊन आला होता. “भाऊ, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता जरा विश्रांती घ्या.” मी हसून ‘बरं झालं साहेब, पोरं पुढे यायला पाहिजेत’ असं म्हणालो. पुढच्या रविवारी दाराजवळच्या बाकावर बसलो. पोराने ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन धरलं, पण सूर एक पट्टी वर. धृपद निभावलं. अंतऱ्याला सूर चढला तसे पुढच्या रांगेतल्या आयाबायांचे आवाज फाटले, दोघीतिघी गप्पच झाल्या, अर्धं भजन कीबोर्ड एकटाच वाजला.

आणि मला बरं वाटलं.

देवाचं भजन माझ्यासमोर मोडून पडत होतं आणि मला आतून गार वाटत होतं. अकरा वर्षं जो प्रश्न मी विचारत होतो, त्याचं उत्तर त्या दीड मिनिटात मिळालं. ते सगळंच खोटं होतं असं नाही. भजनावर माझं प्रेम होतं आणि आहे. पण त्यात दुसरं काय काय मिसळलं होतं, ते पेटी मांडीवर असताना कधीच दिसलं नसतं.

तेव्हापासून कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. हेतू तपासायचा तर काम थोडे दिवस दुसऱ्याच्या हातात द्या, तेही तुमच्याइतकं चांगलं न करणाऱ्याच्या. मग बघा तुम्हाला कशाची काळजी लागते, कामाची की जागेची. मी तीन आठवडे फुगून बसलो. चौथ्या आठवड्यात त्या पोराला गाठून सांगितलं की मंडळीला पट्टी खाली लागते. तो म्हणाला, “काका, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?” याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण दिलं नाही.

मागणं म्हणजेच स्वार्थ समजणं

काही भाविकांना देवाकडे काही मागायचीच लाज वाटते. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर’ आहेच, आणि ती मागायलाच सांगितली आहे. वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) सप्टेंबरच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. आमच्याकडचे काही जण त्याला हसतात, आणि तेच लोक ‘विश्वासाचं बीज’ म्हणून हजार रुपये टाकून दहापटीची वाट बघतात. मेणाचं घर वाहणारी बाई निदान आपल्याला घर हवंय हे उघड सांगते.

मागण्यात दोष नाही. तो मिळालं नाही की फिरणाऱ्या तोंडात आहे. बायबलमधल्या ईयोब नावाच्या सज्जनाच्या पुस्तकात सैतान देवाला नेमकं हेच विचारतो, की ईयोब काय फुकट देवाचं भय बाळगतो? प्रश्न विचारणारा वाईट, पण प्रश्न चोख आहे. आजारपण हटलं नाही म्हणून प्रार्थनासभा सोडली असेल, तर तो प्रश्न आपल्यालाच आलेला आहे असं धरायला हरकत नाही. (दुःखाने गप्प होणं वेगळं. ईयोबही भांडला, पण देवाशीच भांडला, पाठ फिरवून गेला नाही.)

बारीकसारीक चुका भराभर सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमुकच्या घरच्या प्रश्नासाठी प्रार्थना करा’ असं लिहून तो प्रश्न तपशिलासकट सांगणं, ही चहाडीच. देवाला तपशील लागत नाही. साक्ष देताना (देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगताना) ती घरच्या माणसांना आधी ऐकवावी. त्या प्रसंगात ते हजर होते, त्यामुळे तुमचा पराक्रम आपोआप निम्म्यावर येतो. ‘मी तर पायाची धूळ’ हे दिवसातून दोनदा म्हणणाऱ्याला धुळीचाही अभिमान असू शकतो. आणि पगार घेतो म्हणून पाळक स्वार्थी, हे गणित चुकीचं आहे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, पौल तंबू शिवून पोट भरायचा, पण सुवार्ता सांगणाऱ्याने तिच्यावर उपजीविका करावी हेही पौलानेच लिहिलंय.

‘तो काय, पोटासाठी आलाय’

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने ही चूक तरी करू नये, कारण ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या बाबतीत करून झाली आहे. १८७६ ते ७८ च्या आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या दारात आलेल्यांना गावाने हेच म्हटलं. आता आपल्यातलेच जुने लोक नव्या विश्वासणाऱ्याबद्दल तेच म्हणतात तेव्हा ऐकवत नाही. येशूला भाकरीसाठी मागे आलेले लोक ओळखू येत नव्हते असं नाही. ‘तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता,’ असं तो तोंडावर म्हणाला. पण आधी जेवू घालून मग म्हणाला. भुकेल्याचा हेतू तपासायची घाई भरल्या पोटाला फार असते.

गेल्या महिन्यात तिसऱ्या पंख्याचं वाइंडिंग जळलं. मी तो गुपचूप उतरवून घेतला, बाजारपेठेतल्या दुकानात भरून आणला, साडेचारशे रुपये दिले आणि शनिवारी चर्च रिकामं असताना वर चढवला. कमिटीला बोललो नाही, पाळकसाहेबांनाही नाही. पाती पुसताना नावावरची धूळ जरा जास्तच पुसली गेली. कोणालाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी जेवताना बायकोला सांगितलं. आणि आता तुम्हाला.