काउंटरवर 'हॅपी हॉलिडेज' ऐकू आलं तर

थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकन सण) उलटलं की आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'मेरी ख्रिसमस'ऐवजी 'हॅपी हॉलिडेज' म्हणायचा नियम आहे. मी वसईची कॅथलिक, न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात कॅशवर उभी असते. त्यामुळे हे ऐकून नाक मुरडणारे आपलेच ख्रिस्ती लोक दर डिसेंबरात मला समोरूनच दिसतात. नव्याने इकडे आलेल्यांनाही कोणी ना कोणी सांगतंच, की दुकानांनी ख्रिस्ताला हाकललं. त्यांच्यासाठी हे.

पहिलं म्हणजे काउंटरवरच्या मुलीला सुनावू नका. ते बोल तिचे नसतात, वरून आलेले असतात. तुम्ही खुशाल 'मेरी ख्रिसमस' म्हणा, पण टोमणा नको. टोमणा आम्हाला लगेच कळतो, दिवसभर तेच तर ऐकत असतो. हसून म्हणालात तर मीही हसून 'मेरी ख्रिसमस' म्हणते. रांगेत मागे उभ्या ज्यू आजीही कधी रागावलेल्या पाहिल्या नाहीत.

मग कॅलेंडर बघा. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आपला आगमनकाळ: जांभळी वस्त्रं, चार मेणबत्त्या, वाट पाहणं. नाताळ लागतो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी आणि चालतो जानेवारीतल्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत. नोव्हेंबरात दुकान नाताळाचं नाव घेत नसेल तर आपलं काय बिघडलं? उलट २६ तारखेला, आपला सण ऐन भरात असताना, ते सगळी सजावट अर्ध्या किमतीत काढतं. तेव्हा मात्र कोणी तक्रार करत नाही. (मीही नाही. तारे मी तेव्हाच घेते.)

नेमकं काय काढून टाकलंय, हेही तपासा. २०१५ साली स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांनी नाताळाच्या हंगामात साधा लाल कप आणला, तेव्हा जोशुआ फ्यूअरस्टीन नावाच्या प्रचारकाने व्हिडिओ टाकला: यांना येशूचा द्वेष आहे, म्हणून कपावरून ख्रिसमस काढला! कॉफी घेताना त्याने स्वतःचं नाव 'मेरी ख्रिसमस' सांगितलं, म्हणजे कपावर तेच लिहावं लागेल. आधीच्या कपांवर हिमकण, रेनडिअर, झाडाला टांगायचे गोळे असत. गव्हाणीतला बाळ येशू मला तरी आठवत नाही. आणि 'ख्रिसमस ब्लेंड' कॉफी त्याच दुकानांत विकायला होती. बहिष्काराने काहीच होत नाही, असंही नाही. २००५ मध्ये कॅथलिक लीग या अमेरिकन संघटनेने 'हॅपी हॉलिडेज'वरून वॉलमार्टविरुद्ध मोहीम उघडली आणि पुढच्याच वर्षी तिथे 'मेरी ख्रिसमस' परत आलं. पण ते गल्ल्यासाठी आलं, हे कॅशवर उभं राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. आणि नाताळावर खरी बंदी म्हणाल, तर नाताळ साजरा करणाऱ्याला मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली पाच शिलिंग दंड लावला होता तो प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनीच.

तक्रार कुठे करावी? जिथे खरंच चूक आहे तिथे. वसईत माझ्या बहिणीला दुकानांकडून 'हॅपी गुड फ्रायडे' येतं, वर सवलतीचा कूपनही. तिथे जरूर लिहा, पण दोनच ओळी: 'गुड फ्रायडे हा प्रभूच्या मरणाचा, उपवासाचा दिवस आहे. शुभेच्छा ईस्टरला द्याव्यात, आम्हाला आनंद होईल.' हे मालकाला किंवा मॅनेजरला पाठवा. स्क्रीनशॉट गावभर फिरवू नका. तिने असंच केलं. एका दुकानाने पुढच्या वर्षी मजकूर बदलला, दुसऱ्याने पुन्हा तेच पाठवलं.

तुम्ही स्वतःच इथे दुकानात नोकरीला असाल, तर 'मेरी ख्रिसमस म्हणायला कायद्याने बंदी आहे' यावर विश्वास ठेवू नका. असा कायदा नाही. खासगी दुकानात काय म्हणायचं हे मालक ठरवतो. सीझन सुरू व्हायच्या आधीच मॅनेजरला विचारून घ्या. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी म्हणालं तर आम्ही तेच परत म्हणू शकतो.