जुन्या दफनभूमीत स्केचिंग करताय? या चुका टाळा

वही उघडायची घाई ही पहिली चूक. समोरच्या उंच स्तंभापाशी लगेच बैठक मारू नका. आधी एक फेरी मोकळ्या हातांनी मारा. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत (सुरुवात १७६७) पिरॅमिड, घुमट, स्तंभ असे सगळे शेजारी शेजारी उभे आहेत. अशा गर्दीत काय काढायचे हे फिरल्यावरच ठरते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पुसट अक्षरे वाचण्याच्या नादात. कुणी खडू घासतो, कुणी शेव्हिंग फोम फासतो, कुणी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतो. कृपा करून यातले काहीही करू नका. संगमरवर पावसातल्या आम्लाने आधीच झिजलेला असतो, वालुकाश्माचे पापुद्रे सुटत असतात. ब्रशच्या एका फटक्यात उरलेले नाव कायमचे जाते. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेणेही ठिसूळ दगडावर धोक्याचेच, आणि अनेक ठिकाणी त्याला बंदी असते. अक्षरांना हवा असतो तिरपा उजेड. सूर्य दगडाच्या बाजूला येईपर्यंत थांबा. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर आपल्याकडे बराच काळ ऊन पडत नाही. तिथे आरशाने कडेकडून उजेड टाका. पुसलेली वाटणारी ओळ बऱ्याचदा वाचता येते.

चित्रातला स्तंभ कललेला दिसतोय? दोष तुमच्या हाताचा की दगडाचा, ते पाहा. जमीन खचल्याने जुने दगड खरोखरच झुकतात. पेन्सिल ओळंब्यासारखी सैल लटकत धरा, तुलना करा. आधी मध्यरेषा, मग कडा. दगड झुकलेला असेल तर चित्रातही तसाच ठेवा, आणि अशा दगडाला टेकून बसू नका.

तुटका खांब दिसला की चित्रात तो ‘पूर्ण’ करण्याचा मोह होतो. तो बहुधा मुद्दाम तसा घडवलेला असतो: अकाली संपलेल्या आयुष्याची ती खूण. उलटी मशाल, वस्त्र पांघरलेला कलश, वाळूचे घड्याळ यांनाही अर्थ आहेत. नुसती नक्षी समजून ती अर्धवट गिरवली तर स्मारकाचे म्हणणेच चित्रातून गळून पडते.

मृत्यूचे साल म्हणजे स्मारकाचे साल, असेही धरून चालू नका. दगड कधी कधी बऱ्याच वर्षांनी बसवला जातो.

अंत्यविधी चालू असेल तर वही मिटून दूर व्हा. आणि प्रत्येक स्केचखाली तारीख, वेळ, दगडाची दिशा व विभाग क्रमांक लिहा; अर्धे राहिलेले चित्र त्याच उजेडात पुरे करायला ते लागतातच.