लॉन हिरवी, पण मूळ धरेना: माझा अनुभव

धुळ्यात घरापुढे जूनमध्ये हरळीच्या लॉनचे गालिचे अंथरले. दीड महिना झाला तरी कोपरा ओढला की सतरंजीसारखा उचलून यायचा. खाली मुळं आखूड, टोकं फुगलेली. हुमणी (मुळं खाणारी अळी) शोधली, सापडली नाही. युरिया दिला, पाणी वाढवलं, फरक नाही. फार जीव जळला.

मग आठवलं, अंथरण्याआधी कपाशीचं उरलेलं पेंडीमेथॅलिन हे तणनाशक तिथे फवारलं होतं. ते मुळांच्या टोकाचं पेशीविभाजन थांबवतं आणि मातीच्या वरच्या थराला घट्ट चिकटतं, म्हणून पाण्याने धुऊन जात नाही.

खात्रीसाठी एका कुंडीत तिथली वरची माती, दुसरीत न फवारलेली घेतली. दोन्हींत ज्वारी पेरली, आठवड्याने उपटली. पहिलीतली मुळं तशीच आखूड, जाड.

मग गालिचे उचलून ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवले. वरची दोन इंच माती खरवडून काढली (ती भाजीच्या वाफ्यात अजिबात टाकू नका). न फवारलेली गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत भरून सपाट केलं, त्याच दिवशी गालिचे दाबून बसवले. पाणी रोज, पण हलकंच. तीन आठवड्यांनी कोपरा ओढला, हलला नाही.